गाडी लागणे : एका दुर्लक्षित दुखण्याचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस आणि गाडी लागण्यावर व्याख्यान? काही चूक तर झाली नाही ना? चूक नाही. या दुखण्याच्या इतिहासात वैद्य जेवढे आहेत, जवळजवळ तेवढेच तत्त्वज्ञही आहेत. त्यांची गाठ पडेलच. पण सुरुवात आपल्या भाषेपासून करू.

आपण म्हणतो 'गाडी लागते', 'बस लागते', 'बोट लागते'. हे 'लागणे' मोठं गमतीचं क्रियापद आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. 'मी उलटी करतो' यात मी कर्ता आहे. 'मला गाडी लागते' यात कर्ता गाडी आहे, मी नुसता सापडलेला माणूस. मराठी माणसाने ज्या दिवशी हा शब्दप्रयोग केला, त्या दिवशी त्याने एक निवाडाच देऊन टाकला, की यात त्या माणसाचा दोष नाही. आता गंमत बघा, भाषेने निर्दोष ठरवलेल्या याच माणसाला घरचे लोक मात्र 'नाजूक आहे', 'नाटकं करतो', 'मनाचा कच्चा आहे' असं म्हणत राहिले. आपल्याकडेच असं नाही, जगभर हेच झालं. दोष कुणाचा, पोटाचा, मनाचा की आणखी कशाचा, या एका प्रश्नाचा इतिहास आज बघायचा आहे.

ग्रीकांपासून सुरू करू, कारण मळमळीला युरोपी भाषांत जो 'नॉशिया' शब्द आहे तो 'नाउस' म्हणजे जहाज या ग्रीक शब्दावरून आला. म्हणजे त्या भाषेत मळमळ हीच मुळात जहाजावरची. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत एक सूत्र असं आहे, की वांतीचं औषध दिल्यावर त्याचा अंमल वाढवायचा असेल तर रोग्याला हलतं ठेवा, कारण हालचालीने शरीर ढवळून निघतं हे समुद्रप्रवासावरून दिसतंच. विष आणि हालचाल यांची ही जोडी लक्षात ठेवा. दोन हजारांहून अधिक वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

नंतर रोममधला सेनेका. स्टोइक पंथाचा मोठा तत्त्वज्ञ. सुखदुःखाने विचलित होऊ नये, हे ज्याने आयुष्यभर शिकवलं तो माणूस. उतारवयात त्याने आपल्या मित्राला लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यातल्या 53व्या पत्रात तो नेपल्सहून पुतिओली या जवळच्याच गावी होडीने निघाला त्याची हकीकत आहे. निघताना समुद्र शांत होता. अर्ध्या वाटेवर लाटा उसळल्या, आणि या महापुरुषाला बोट लागली. उलटी होईना आणि मळमळ थांबेना, अशी अवस्था. त्याने नावाड्याला सांगितलं, किनाऱ्याला घे. नावाडी म्हणाला, किनारा खडकाळ आहे, वादळात मला सगळ्यात भीती जमिनीचीच वाटते. सेनेका ऐकेना. शेवटी किनारा जवळ आल्यावर त्याने सरळ पाण्यात उडी टाकली आणि खडकांतून धडपडत वर चढला.

या पत्राचा पुढचा भाग फार चांगला आहे. शरीराचं दुखणं वाढलं की माणसाला कळतं, पण मनाचं दुखणं जितकं वाढतं तितकं कळेनासं होतं, असा विचार तो त्यावरून मांडतो. मला मात्र यात दुसरीच गोष्ट दिसते. जगातला एक अत्यंत कसलेला मनोनिग्रही माणूस, आणि त्याचा सगळा मनोनिग्रह दोन-चार मैलांच्या होडीच्या प्रवासात संपला. 'मन घट्ट केलं की गाडी लागत नाही' या समजुतीचा निकाल तिथेच लागायला हवा होता. पण लागला नाही.

पुढे नेल्सन. इंग्रजांचा सगळ्यात मोठा नौसेनानी, बाराव्या वर्षी जहाजावर गेलेला. जोराचा वारा सुटला की मला आजही त्रास होतो, हे तो ट्रफल्गरच्या लढाईच्या आदल्या वर्षीपर्यंत पत्रांतून लिहितो आहे. आणि डार्विन. 1831च्या डिसेंबरात बीगल जहाजावर चढला आणि 1836च्या ऑक्टोबरात उतरला. बोट लागणं त्याचं शेवटपर्यंत थांबलं नाही. झुल्यात पडून राहायचं आणि मनुके खायचे, कारण तेवढेच पोटात टिकायचे. त्या सफरीतला बराच मोठा काळ त्याने जमिनीवर हिंडण्यात घालवला. कारण अर्थात दगड, प्राणी आणि जीवाश्म हेच होतं, पण जहाजाने नांगर टाकला की त्याला किती आनंद होत असेल याची कल्पना आपण करू शकतो!

उलट आपल्याकडचं उदाहरण घ्या. गांधीजी 1888मध्ये मुंबईहून विलायतेला निघाले, ते एकोणीस वर्षांचे सुद्धा नव्हते. आत्मकथेत ते लिहितात की मला बोट अजिबात लागली नाही. 1891मध्ये परतताना एडनपासून समुद्र खवळलेला होता, बहुतेक सगळे उतारू आजारी पडले, हे मात्र डेकवर उभे राहून लाटा बघत होते. त्याच आत्मकथेत ते स्वतःला फार भित्रा, लाजरा मुलगा म्हणतात. म्हणजे भित्र्याला लागत नाही आणि नेल्सनला लागते. धैर्याचा आणि याचा संबंध नाही हे आणखी कसं सिद्ध करायचं?

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली, सामान्य माणसं समुद्रावर गेली आणि उपायांचा बाजार भरला. बहुतेकांचा रोख पोटावर. पोट घट्ट बांधा, शॅम्पेन प्या, अमुक अर्क घ्या. लंडनच्या जॉन चॅपमन या वैद्याने 1864च्या सुमारास पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या बांधायला सांगितलं. पण सगळ्यात भव्य प्रयोग हेन्री बेसेमरचा. हा पोलादवाला बेसेमर. 1868मध्ये कॅले ते डोव्हर या प्रवासात त्याला इतकी बोट लागली, की त्याने ठरवलं, जहाज हलू दे, मी आतली खोली स्थिर करतो. त्याने जहाजात एक मोठा दिवाणखाना आसावर टांगला. एक माणूस समोर पाणसळ घेऊन बसायचा आणि यंत्राने ती खोली सपाट ठेवायचा. 1875च्या मे महिन्यात हे जहाज लोकांना घेऊन निघालं आणि कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळलं. धक्का मोडला, भागधारकांचा विश्वास उडाला, चार वर्षांनी जहाज भंगारात गेलं. तो दिवाणखाना मात्र वाचला. जहाजाच्या आराखडाकाराने तो आपल्या घरी नेला, पुढे त्या जागी उद्यानविद्येचं कॉलेज आलं आणि तिथे तो चक्क व्याख्यानाचा हॉल म्हणून वापरला गेला. तिथे कुणाला व्याख्यान लागल्याची नोंद नाही.

बेसेमरची कल्पना वेडगळ नव्हती. तिची खोट अशी, की ती खोली डावी-उजवीकडचं कलणं थोपवू शकली असती, पण जहाज लाटेबरोबर सबंध वर जातं आणि खाली येतं, त्याचं काय? आज आपल्याला माहीत आहे की ही वर-खाली होणारी संथ हालचालच सगळ्यात वाईट. साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा, या वेगाला माणूस सगळ्यात जास्त आजारी पडतो. त्याहून खूप भरभर हलवलं, घोड्यावर दौडवलं, तर तेवढं होत नाही.

आता इतिहासाला वळण कुठे लागलं ते पाहू. इथे तत्त्वज्ञ पुन्हा येतात. तोवर सगळे विचारत होते, हे दुखणं कुणाला होतं? अमेरिकेत विल्यम जेम्सने उलटा प्रश्न विचारला, कुणाला होत नाही? हा तोच जेम्स, ज्याला आपण फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञ म्हणून शिकतो आणि शिकवतो. त्याने मूकबधिर, हा त्या काळचा शब्द, अशा 519 जणांना गरगर फिरवल्यावर काय होतं याची माहिती जमवली. त्यातल्या 186 जणांना अजिबात घेरी येत नव्हती आणि 134 जणांना अगदी थोडी. तुलनेसाठी हार्वर्डमधले दोनशेच्या आसपास विद्यार्थी आणि शिक्षक घेतले, त्यात घेरी न येणारा फक्त एक निघाला. 1882मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि ज्यांचा आतला कान काम करत नाही त्यांना बोटही लागत नसावी असं सुचवलं. पुढे ते खरं ठरलं.

म्हणजे गुन्हेगार पोटात शोधत होते, तो कानात निघाला. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि वळल्याची बातमी मेंदूला जाते. शेजारी चुन्याचे अगदी बारीक कण असलेल्या पिशव्या आहेत, त्या वर-खाली आणि पुढे-मागे जाण्याची बातमी देतात. हे उलगडणाऱ्यांत एक होता अर्न्स्ट माख. हाही पदार्थवैज्ञानिक आणि तत्त्वज्ञ. आगगाडी वळणावरून जात असताना बाहेरची घरं आणि झाडं कललेली दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं. आपण रोज बघतो आणि सोडून देतो. त्याने सोडलं नाही. प्राग शहरात फिरती खुर्ची बांधली, स्वतः तीत बसला आणि 1875मध्ये हालचालीच्या संवेदनांवर ग्रंथ लिहिला. पुढे रॉबर्ट बारानी याला याच आतल्या कानाच्या संशोधनासाठी 1914चं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.

पण नुसत्या कानाने दुखणं पुरतं समजत नाही. 1881मध्ये आयर्विन नावाच्या डॉक्टरने मांडलं, की डोळ्यांची बातमी आणि कानाची बातमी जुळत नाही, तिथे हे दुखणं सुरू होतं. जहाज, गाडी, झोपाळा या सगळ्यांचं दुखणं एकच, हेही त्याने सांगितलं. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1975मध्ये, रीझन आणि ब्रँड या दोघांनी हाच विचार नीट बांधून मांडला. आज तो सर्वांत जास्त मानला जातो, त्याला दुसरे पर्यायही आहेत.

इथे मला न्यायदर्शनाचा आधार घ्यावासा वाटतो. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. पण दोन प्रत्यक्षांचंच भांडण झालं तर? एसटीत बसून तुम्ही पुस्तक वाचताय. डोळा म्हणतो, पुस्तक स्थिर आहे, आपण बसलोय. कान म्हणतो, आपण डावीकडे वळलो, खाली गेलो, पुन्हा वळलो. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. डोळा गाडीच्या आतलं खरं सांगतोय, कान रस्त्याचं खरं सांगतोय. दोघेही प्रामाणिक साक्षीदार, आणि न्यायाधीशाला घेरी आली, असा हा खटला आहे. म्हणून गाडी लागणारा माणूस दुबळा नसतो. उलट त्याच्या दोन्ही साक्षीदारांचं काम चोख चाललेलं असतं. ज्याचा आतला कान निकामी आहे, त्यालाच काही होत नाही.

मग या भांडणात उलटी कशाला? 1977मध्ये ट्राइझमन याने एक तर्क मांडला. निसर्गात डोळा आणि कान यांचं बिनसतं ते विषारी काही खाल्लं तर. म्हणून शरीर समजतं की विषबाधा झाली आणि पोट रिकामं करतं. तर्कच आहे, पण हिपोक्रेटिसची ती जोडी इथे परत आली, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

औषधांचा इतिहास दोन गोष्टींत सांगतो. पहिली युद्धातली. दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिक लहान बोटींतून किनाऱ्यावर उतरवायचे होते, आणि आजारी सैनिक लढणार कसा? कॅनडात इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट या कामाला लागले. हायोसिन हे द्रव्य उपयोगी ठरलं. 6 जून 1944ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेलेल्या सैनिकांजवळ गोळ्या होत्या आणि उलटीच्या पिशव्याही. गोळ्या घेऊनही अनेकांना त्रास झालाच. हे हायोसिन आपल्या धोतऱ्यात असतं. पण कृपा करून कुणी धोतरा चघळू नका, तो जीव घेतो. डॉक्टर देतात ती मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात असते.

दुसरी गोष्ट 1947ची, बाल्टिमोरची. जॉन्स हॉपकिन्समध्ये गे आणि कार्लिनर हे डॉक्टर अंगावर पित्त उठण्यावर एक नवं औषध तपासत होते. एक गरोदर बाई सांगायला लागली, पित्ताचं राहू द्या, पण मला ट्राममध्ये नेहमी मळमळायचं ते बंद झालं! डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीला निघालेल्या एका सैनिकी जहाजावर हजाराहून अधिक सैनिकांवर, काहींना औषध आणि काहींना नुसत्या खोट्या गोळ्या देऊन, तपासणी झाली. औषध ठरलं. ते 'ड्रामामिन' म्हणून ओळखलं गेलं. दोन हजार वर्षं ज्यांचं कुणी ऐकलं नाही त्यांच्यातल्या एकीचं एक वाक्य कुणीतरी नीट ऐकलं, एवढाच हा शोध.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे 'बोट लागणे' आलं ते कोकण किनाऱ्याच्या आगबोटींबरोबर. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, पणजीपर्यंत जाणाऱ्या. मग 1 जून 1948ला पुणे-नगर पहिली एसटी धावली, पुढे गावोगाव गेली, आणि घाटांनी आपलं काम सुरू केलं. लिंबू, आवळासुपारी, लवंग, आल्याची वडी, पोटाला बांधलेलं किंवा बुडाखाली घातलेलं वर्तमानपत्र, हा आपला दवाखाना. माझी आई माहेरी निघायची तर आदल्या रात्रीपासून जेवायची नाही. पुढेपुढे ती जायचीच कमी झाली. 'प्रवास सोसत नाही' एवढंच म्हणायची. तिच्या पिढीतल्या किती बायकांचं माहेर या एका वाक्याने दूर गेलं असेल, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

या उपायांत तथ्य किती? आल्याची तपासणी झाली आहे. 1982मध्ये फिरत्या खुर्चीवर आलं औषधापेक्षा सरस ठरलं, 1988मध्ये डेन्मार्कच्या नौदलातल्या 80 शिकाऊ खलाशांवर उपयोगी दिसलं, पण नंतरच्या काही तपासण्यांत फरक दिसला नाही. निरुपद्रवी आहे, जरूर चघळा. लिंबाचा वास डिझेलच्या वासावर मात करतो, तेही बरंच. वर्तमानपत्राला मात्र एकच काम जमतं, ते न वाचणं. आणि उपाशी राहणं हा उपाय नव्हे. हलकं, कमी तेलाचं खाऊन निघावं.

खरा उपाय दोन साक्षीदारांच्या भांडणातून आपोआप निघतो. डोळ्याला बाहेरचं खरं दाखवा. पुढच्या बाजूला बसा, समोर लांबवर, क्षितिजाकडे बघा. जहाजात मध्यभागी, विमानात पंखांजवळ, कारण तिथे हेलकावा कमी. ते जमत नसेल तर डोळा बंदच करा आणि डोकं मागे टेकून स्थिर ठेवा. दोघांपैकी एक गप्प बसला की भांडण अर्ध्यावर येतं. पुस्तक नको, मोबाइल तर नकोच. खिडकी उघडा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्यापूर्वी अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून ज्याच्या हाती गाडी आहे त्याने घेऊ नये. त्याला सहसा गरजही पडत नाही. चालकाला गाडी लागत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याला ते माहीत असतं. म्हणून मागे बसलेल्या मुलाला निदान पुढचं वळण कुठे आहे ते बघू द्या.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे, 'सवयीने हे जातं का?' बऱ्याच जणांचं जातं, थोडे थोडे प्रवास करत गेलं तर. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा होत नाही, मग वाढतं आणि मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं. पण नेल्सनचं गेलं नाही, डार्विनचं गेलं नाही. 1961मध्ये टिटोव्ह अंतराळात गेला, तेव्हा तिथेही हे दुखणं त्याच्याबरोबर पोचलं, तोही लढाऊ विमानांचा वैमानिक. अंतराळात जाणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना पहिले काही दिवस ते होतं. म्हणूनच 1984मध्ये आपले राकेश शर्मा गेले, तेव्हा योगासनांचा यावर काही उपयोग होतो का, हा प्रयोग त्यांच्याकडे दिला होता. निवडून निवडून घेतलेली ही माणसं. त्यांना कुणी नाजूक म्हणत नाही.

तेव्हा या सुट्टीत घाटातून जाताना मागच्या सीटवरचं पोर गप्प झालं, चेहरा पांढरा पडला, जांभया द्यायला लागलं, तर ती सुरुवात असते. 'काही होत नाही, मन दुसरीकडे लाव' असं म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, दहा मिनिटं उतरा, त्याला पुढे बसवा. ते पोर खोटं बोलत नाहीये, त्याचे दोन्ही साक्षीदार खरं सांगताहेत.

पुढच्या वेळी झोपेच्या इतिहासावर बोलू. आज कुणी डुलक्या घेतल्या असतील तर त्यांनी ती पूर्वतयारी समजावी.